चार हजार हर्ट्‌झ, एक हजार कामगार

कुर्ल्याच्या स्वदेशी मिलपासून विक्रोळीच्या गोदरेजपर्यंत, उपनगरांच्या कारखानदारीचा इतिहास सांगताना संप, बोनस, टाळेबंदी सगळे येते. कान येत नाहीत. कामगारच बेफिकीर होते, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण पटणारे नाही. आवाजाने होणारी हानी बहुधा चार हजार हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते आणि समोरासमोरचे बोलणे बराच काळ ऐकू येत राहते. मागाच्या साच्यावर किंवा प्रेसवर उभ्या माणसाला काही गमावल्याचे वर्षानुवर्षे कळतच नाही. जे जाणवत नाही त्याची मागणी युनियन कशी करणार? इथे ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, वाचणारा, शिकलेला माणूसच लागतो.

असा सुरक्षा अधिकारी घडवण्याची सोय जवळच, शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत होती. (आठ तासांना 90 डेसिबल, ही आवाजाची मर्यादा परीक्षेपुरती पाठ करणे सोपे, शॉपमध्ये मोजणे अवघड.) मात्र 1976च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात आलेल्या कलम 40-बने सुरक्षा अधिकाऱ्याची सरसकट सक्ती केली ती हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना. मरोळ-भांडुपचे छोटे गाळे आपोआप बाहेर राहिले. धोक्याच्या प्रक्रियेसाठी राज्य सरकार लहान कारखान्यांनाही अट घालू शकत होते, हा आक्षेप खरा. पण त्यासाठी वेगळी अधिसूचना लागे, आणि पत्रा ठोकण्याचा आवाज रसायनासारखा भीतिदायक वाटत नाही. आवाजाने येणारे बहिरेपण कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, होतेच, पण तपासलेच नाही तर कळवायचे काय? कानात बोळे द्या, अधिकारी कशाला, असेही म्हणतात. बोळा नीट बसलाय का हे पाहणे आणि यंदाची चाचणी गेल्या वर्षीच्या चाचणीशी ताडणे, ही कामे बोळा करत नाही.