फेडरर, नदाल आणि आपली माती-गादी

मागच्या भागात टेनिसवर बोलताना एक आकडा घाईत सांगितला होता. आज तिथूनच सुरुवात करू. फेडरर आणि नदाल एकमेकांशी 40 सामने खेळले. नदालने 24 जिंकले, फेडररने 16. इथवर वाटतं, चला, नदाल भारी. पण त्यातले लाल मातीवरचे, म्हणजे क्लेवरचे 16 सामने बाजूला काढा. तिथे हिशोब 14-2 आहे. उरलेल्या 24 मध्ये फेडरर 14-10 ने पुढे. दोघं तेच, रॅकेट तीच, फक्त पायाखालची जमीन बदलली. क्लेवर चेंडू संथ होतो आणि उंच उसळतो, त्यामुळे नदालचा टॉपस्पिन फेडररच्या एकहाती बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर भेटायचा. (पॅरिसची ती लाल माती म्हणजे खरं तर विटांचा चुरा, बरं का.)

2007 मध्ये मायोर्का बेटावर कुणीतरी गंमत केली. अर्धं कोर्ट गवताचं, अर्धं मातीचं, आणि या दोघांना खेळायला उभं केलं. नदाल तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये कसाबसा जिंकला. तो प्रदर्शनीय सामना होता, विषय तिथेच संपला.

आपल्याकडे मात्र ही गंमत नाही, नियम आहे. महाराष्ट्र केसरी! ही स्पर्धा 1961 मध्ये सुरू झाली, दिनकर दह्यारी पहिले विजेते. आज तिच्यात दोन वेगळे विभाग असतात, माती आणि गादी. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी गदेसाठी भिडतात. म्हणजे फेडररने विम्बल्डन जिंकायचं, नदालने पॅरिस, आणि मग दोघांची एकच फायनल. पण ही शेवटची कुस्ती होते गादीवर. इथेच खरी मेख आहे.

कारण माती आणि गादी हे दोन वेगळे खेळ म्हणावेत इतका फरक आहे. तालमीच्या हौद्यातली माती नुसती माती नसते. तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर असं काय काय मुरवलेलं असतं. पाय रुततो, म्हणून झेप कमी आणि ताकद, दम, पकड जास्त लागते. घामाने अंग निसटायला लागलं की मूठभर माती समोरच्याच्या पाठीवर टाकायची. जत्रेतल्या निकाली कुस्तीत एकच प्रश्न असतो: पाठ टेकली की नाही? गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, पायात बूट, आणि प्रत्येक हालचालीला गुण. पट काढून मागे गेलात, दोन गुण. सगळ्यात मोठा फटका म्हणजे, मातीत एखादा मल्ल क्षणभर स्वतःच्या पाठीवरून लोळून सुटतो आणि लोक टाळ्या वाजवतात. गादीवर तेवढ्यात समोरच्याला गुण मिळून जातात. वीस वर्षं शरीराने शिकलेली सुटका इथे चूक ठरते. कोड तोच, पण मशीन बदललं की चालत नाही, आमच्या धंद्यात हे रोज बघतो.

खाशाबा जाधवांना हे 1948 मध्ये लंडनला कळलं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढलेला. गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम, दोन्ही नवीन. तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. 1952 चं ते कांस्यपदक म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक नाही. सत्तर वर्षं उलटून गेली!

उलट बाजू बघा. दिल्लीचे सतपाल महाराष्ट्रातल्या मातीत खूप लढले. बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी त्यांना हरवलं, ती कुस्ती जुनी माणसं अजून सांगतात. पुढे त्याच सतपालनी छत्रसाल स्टेडियममध्ये गादीवर पोरं घडवली. सुशील कुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया, सगळे तिथले. मातीत आपण जिंकलो, पदकं तिकडे गेली. मला हे टोचतं.

म्हणजे माती बंद करायची का? नाही हो. जत्रेचा फड, इनाम, गावोगावच्या तालमी, सगळं मातीवर उभं आहे. गावातल्या पोराला हौदा परवडतो, गादी परवडत नाही. पण मातीच्या विजेत्याला वर्षभर मातीत राबवून शेवटी गादीवर उभं करायचं, हा सौदा मला बरोबरीचा वाटत नाही.

अर्थात मातीचा मल्ल नेहमी हरतो असंही नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावला सिकंदर शेखने मातीतून येऊन गादीच्या शिवराज राक्षेला चितपट केलं. त्याच वर्षी जानेवारीत हाच सिकंदर माती विभागात महेंद्र गायकवाडकडून हरला होता. बाहेरच्या टांगेला दिलेल्या चार गुणांवरून केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. गंमत बघा, कुस्ती मातीतली आणि भांडण गुणांचं. गादीचा हिशोब हौद्यात शिरलाय तो असा.

मला सगळ्यात आवडते ती जानेवारी 2020 ची बालेवाडीतली फायनल. गादीकडून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, मातीकडून लातूरचा शैलेश शेळके. दोघंही पुण्यातल्या काका पवारांच्याच तालमीतले! एका वस्तादाची दोन पोरं, वेगवेगळ्या जमिनीवरून चालत येऊन समोरासमोर. हर्षवर्धन 3-2 ने जिंकला आणि त्याने शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. महिन्याभरात त्याच संकुलात एटीपीची टेनिस स्पर्धा झाली, हार्ड कोर्टवर.

आता आपल्या उपनगरात येऊ. जोगेश्वरीचा नरसिंग यादव, कांदिवलीच्या साई केंद्रात गादीवर घडलेला. 2011, 2012, 2013, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. 2015 च्या जागतिक स्पर्धेत 74 किलोत कांस्य आणि सोबत रिओची जागा. पण सुशील कुमारही आता 74 किलोतच होता. जत्रेत वस्ताद दोन मल्लांना नजरेने तोलून जोड लावतात, दोघांनाही लढायला मिळतं. ऑलिंपिकच्या गादीवर एका वजनगटात एका देशाचा एकच माणूस. सुशीलने निवड चाचणी मागितली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मागणी फेटाळली गेली. नंतर नरसिंगवर उत्तेजक चाचणीवरून चार वर्षांची बंदी आली आणि रिओला दोघांपैकी कुणीच लढलं नाही. 74 किलोची ती कुस्ती ना मातीत झाली, ना गादीवर. झाली ती फक्त कोर्टात, आणि ते कोर्ट टेनिसचं नव्हतं.