अ‍ॅनिलीनच्या नावातली नीळ

मोहोपाड्याशेजारी रसायनी येथे हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता. कंपनीची स्थापना १९६० सालची. तेथे तयार होणाऱ्या रसायनांत अ‍ॅनिलीन हे एक प्रमुख. वर्गात हे नाव आपण सहज उच्चारतो. पण ते आले कोठून?

जुन्या इंग्रजीत ‘अनिल’ असा एक शब्द होता. आज तो बहुधा कोशातच सापडतो. त्याचा अर्थ वारा नव्हे, तर नीळ. निळीचे झुडूप आणि त्यापासून काढलेला रंग, दोन्ही. संस्कृत ‘नील’ अरबीत गेला. तेथे त्याच्या आधी ‘अल्’ लागून उच्चारात ‘अन्-नील’ झाले. पोर्तुगिजांनी त्याचे ‘अनिल’ केले आणि तेच इंग्रजीने उचलले.

१८४० साली फ्रिट्शे यांनी निळीवर कॉस्टिक पोटॅशची क्रिया करून एक तेलकट द्रव मिळवला व त्याला अ‍ॅनिलीन म्हटले. दगडी कोळशाच्या डांबरातही हाच पदार्थ असतो, हे १८४३ मध्ये हॉफमन यांनी दाखवले. १८९० साली हॉयमान यांनी उलटी वाट शोधली: अ‍ॅनिलीनपासून नीळ! ती कृती महाग पडली. पण दुसऱ्या कृतीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीची शेती बसत गेली. ज्या झुडपाने नाव दिले, त्याचीच गरज रसायनशास्त्राने संपवली.

२०१७ साली केंद्र सरकारने रसायनीचा कारखानाही बंद करण्याचा निर्णय घेतला. शब्द मात्र टिकून आहे. फळ्यावर अ‍ॅनिलीनचे सूत्र लिहाल, तेव्हा शेजारी ‘नीळ’ हा शब्दही जरूर लिहा.