भिंतीआडचे कान

काशीयात्रा करून आलेल्या घरात मावंदं होतं, गंगापूजन होतं आणि झाळून बंद केलेला तांब्याचा गडू देवघराच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. पुढे कित्येक वर्षं त्याला कोणी हात लावत नाही. कोणाची तरी शेवटची घटका आली की तो फोडतात, आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस हमखास सांगतं, बघा, पाण्याला वाससुद्धा नाही.

1896 मध्ये आग्र्यात सरकारी रासायनिक परीक्षक म्हणून काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅनबरी हँकिन या इंग्रजाने गंगा-यमुनेच्या पाण्याची ही ख्याती तपासून पाहिली. त्याने या पाण्यात पटकीचे जिवाणू सोडले. काही तासांत ते मेले. तेच पाणी आधी उकळून घेतलं, तर मात्र जिवाणू मजेत जगले. हँकिनने पॅरिसच्या पास्तूर संस्थेच्या नियतकालिकात फ्रेंचमधून निबंध लिहिला. त्याच वर्षी हिंदुस्थानात फिरत असलेल्या मार्क ट्वेनच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्याने ती आपल्या प्रवासवर्णनातही घातली.

जिवाणू खाणाऱ्या विषाणूंवरचा, म्हणजे बॅक्टेरिओफेजवरचा, जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय लेख इथून सुरू होतो आणि हँकिनला पहिल्या शोधाचं श्रेय देऊन मोकळा होतो. ते घाईचं आहे. बंद नळीत तापवलेल्या पाण्याचा गुण टिकतो, उघड्यावर उकळलेल्या पाण्याचा जातो, असं हँकिनला दिसलं होतं. म्हणून पाण्यात उडून जाणारं एखादं द्रव्य असावं, असा त्याचा तर्क होता. अशा तापवण्यात फेज तग धरत नाहीत. 2011 मध्ये काही फेज-अभ्यासकांनी मूळ निबंध पुन्हा बारकाईने वाचला आणि हँकिनला दिसला तो फेज नव्हेच, असा निकाल दिला. गडूचं गूढ गडूतच राहू द्यावं.

फेज खऱ्या अर्थाने हाती लागले ते 1915 मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टला आणि 1917 मध्ये पास्तूर संस्थेतल्या फेलिक्स द'एरेलला. काचेच्या बशीत जिवाणूंचा दुधट थर वाढलेला असावा आणि त्यात मध्येच कसर लागल्यासारखी स्वच्छ, गोल भोकं पडावीत, तसं ते दृश्य. बॅक्टेरिओफेज हे नाव द'एरेलचं. 1927 मध्ये पटकीवर फेजचा उतारा चालतो का हे पाहायला तो हिंदुस्थानात आला, पंजाबात आणि कलकत्त्यात रोग्यांवर प्रयोग करून गेला. पण फेजकडे त्या काळी बहुतेक जण एकाच नजरेने पाहत होते: हा मुका मारेकरी. शिरतो, फोडतो, पुढच्यावर जातो.

तो नेहमी मारत नाही, कधीकधी आत मुक्काम ठोकून गप्प बसतो, हे पॅरिसच्या आंद्रे ल्वॉफने 1950 च्या सुमारास पक्कं केलं. त्याची पद्धत आज वाचतानाही अंगावर येते. एक जिवाणू, एक थेंब, एक सूक्ष्मदर्शक. जिवाणूचे दोन झाले की एक अलगद उचलून दुसऱ्या थेंबात, आणि उरलेल्या पाण्यात फेज सुटला आहे का याची तपासणी. असं पिढ्यामागून पिढ्या. फेज बाहेर पडत नव्हता, पण वंश मात्र त्याला आत वागवत होता. अतिनील किरणांचा झोत टाकला, तेव्हा ते जिवाणू फुटले आणि आतला पाहुणा शेकडोंच्या संख्येने बाहेर आला. त्यावरून पुढची कित्येक वर्षं एक सोपा हिशेब चालला: घर पेटलं की भाडेकरू बाहेर पडणार. घर धड असताना तो कशावरून ठरवतो, हा प्रश्न मागे राहिला.

दुसरीकडे जिवाणू एकमेकांशी काही बोलत असतील, असं म्हणणाऱ्याला वेड्यात काढण्याचे ते दिवस होते. 1970 मध्ये हार्वर्डमध्ये केनेथ नील्सन, टेरी प्लॅट आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी समुद्रातल्या प्रकाश देणाऱ्या जिवाणूंवर निबंध लिहिला. हे जिवाणू विरळ असताना अंधारात असतात. गर्दी झाली की सगळे मिळून उजळतात. दाट वाढलेल्या जिवाणूंचं नुसतं गाळलेलं पाणी नव्या विरळ जिवाणूंना दिलं, तर तेही वेळेआधीच उजळत. म्हणजे प्रत्येक जण पाण्यात काहीतरी सोडतो आणि त्याचं प्रमाण वाढलं की आपण किती जण आहोत हे सगळ्यांना कळतं.

1994 मध्ये या प्रकाराला इंग्रजीत जे नाव मिळालं त्यात कोरम हा शब्द आहे. मराठी माणसाला तो समजावून सांगायला नको. सोसायटीच्या वार्षिक सभेला गणपूर्ती झाली नाही म्हणून अर्धा तास तहकुबी आणि मग त्याच जागी, त्याच सात डोक्यांची सभा, हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे. जिवाणूंना ही पळवाट नाही. गणपूर्ती झाल्याशिवाय त्यांचे बरेच मोठे ठराव होत नाहीत: विष सोडणं, चिकट थर बांधणं, विषाणूंविरुद्ध बंदोबस्त करणं.

हे दोन इतिहास एकमेकांना भेटले 2017 मध्ये, आणि तेही चुकून. इस्रायलच्या रेहोवोत गावी वाइझमन संस्थेत रोटेम सोरेक यांचा गट शोधत होता ती जिवाणूंची हाकाटी: फेजचा हल्ला झाला की जिवाणू शेजाऱ्यांना सावध करतात का? पाण्यात निरोप सापडला. फक्त तो जिवाणूंनी धाडलेला नव्हता, फेजचा होता. मातीतल्या बॅसिलस सब्टिलिसमध्ये शिरलेला फेज सहा अमिनो आम्लांचा एक तुकडा बाहेर सोडायला लावतो. सुरुवातीला तो थोडा असतो, तेव्हा फेज बिनधास्त फोडत सुटतात. तुकड्याचं प्रमाण वाढलं, म्हणजे भाऊबंदांनी बरीच कत्तल केली आणि सावज संपत आलं. मग पुढचे फेज गुमान आत मुक्काम करतात. दुसऱ्या जातीच्या फेजचा तुकडा वेगळा, आणि एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही.

त्यानंतरची गोष्ट पुन्हा पटकीच्या जिवाणूपाशी येते. प्रिन्स्टनमध्ये जस्टिन सिल्पी आणि बॉनी बॅसलर यांनी 2019 मध्ये व्हीपी 882 नावाच्या फेजचं वर्णन प्रसिद्ध केलं. पटकीचे जिवाणू गर्दीची खूण म्हणून डीपीओ हा रेणू सोडतात आणि तो ओळखायला त्यांच्याकडे एक प्रथिन असतं. आत दबा धरून बसलेल्या या फेजकडे त्याच प्रथिनाची स्वतःची नक्कल आहे. बाहेर यजमानांची संख्या पुरेशी झाली हे कानावर येताच तो घर फोडतो, कारण फोडून बाहेर पडण्यात शहाणपण तेव्हाच, जेव्हा शेजारची घरं भरलेली आहेत. शिवाय त्याचं प्रथिन यजमानाच्या गर्दीच्या यंत्रणेतलं बटणही दाबू शकतं. यजमानाच्या प्रथिनाला मात्र फेजचं बटण दाबता येत नाही. घरभेदी हा शब्द इथे उपमा म्हणून वापरायची गरजच उरत नाही.

नुसतं ऐकून सगळ्यांचं समाधान होत नाही. जखमांत आणि फुफ्फुसांत त्रास देणाऱ्या स्यूडोमोनासवरचा एक फेज शिरल्याबरोबर जेमतेम 69 अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनवतो आणि ते यजमानाच्या गणपूर्ती मोजणाऱ्या मुख्य प्रथिनाची मानगूट धरतं. टोरांटोच्या कॅरन मॅक्सवेल यांच्या गटाने हे 2021 मध्ये दाखवलं. बंदोबस्ताचा ठराव गणपूर्तीवर अडलेला असतो, तर सभाच उधळायची. तेच प्रथिन जिवाणूच्या अंगावरचे केसही गळपटवून टाकतं, आणि त्या केसांना धरून चढणाऱ्या इतर फेजना दार बंद होतं. आतड्यातल्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलवरचा एक फेज तर गर्दीचा निरोप बनवणारी जनुकंच सोबत वागवतो. ती इंग्लंडमधल्या संशोधकांना 2014 मध्ये सापडली.

कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून दाखवलं की पटकीत माणूस मरतो तो जिवाणूने सोडलेल्या विषामुळे. हे विष केव्हा बनवायचं आणि केव्हा थांबवायचं, यातही जिवाणूंच्या गर्दीच्या निरोपांचा हात असतो. पण त्या विषाचं जनुक मुळात जिवाणूचं नाहीच. ते त्याच्यात मुक्कामाला असलेल्या एका फेजचं आहे, हे मॅथ्यू वॉल्डोर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी 1996 मध्ये, हँकिनच्या निबंधाला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, सिद्ध केलं.