जखमी शिकारी पक्षी आणि कॅमेऱ्याची मर्यादा

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव दौंड-मनमाड लोहमार्गावर, भीमा आणि घोड नद्यांच्या परिसरात वसले आहे. उसाची शेते, कालवे आणि त्यांना लागून असलेली कोरडी माळराने यांमुळे या पट्ट्यात शिकारी पक्ष्यांचे वैविध्य आढळते. घार, कापशी घार, शिक्रा, गव्हाणी घुबड व शृंगी घुबड हे येथील रहिवासी, तर हिवाळ्यात माँटेग्यू आणि पॅलिड हॅरियर, म्हणजेच 'भोवत्या' जातीचे पक्षी उत्तरेकडून माळरानांवर उतरतात. साहजिकच पक्षिछायाचित्रकारांचा ओढाही इकडे वाढला आहे. मात्र पक्षी आकाशात असताना आणि जखमी होऊन उपचार केंद्रात असताना छायाचित्रणाचे नियम सारखे नसतात.

केंद्रे कशासाठी?

विजेच्या तारांचा धक्का, वाहनाची धडक, विषबाधा आणि पतंगाचा मांजा ही शिकारी पक्षी जायबंदी होण्याची प्रमुख कारणे आहेत. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरीही संक्रांतीच्या दिवसांत पंख कापलेल्या घारी उपचारासाठी येतच असतात. मुंबईत परळ येथील बाई साकरबाई पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून हे काम करीत आहे. वन विभागाने नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथे २०१५ मध्ये 'ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर' सुरू केले. पुण्यात बावधन येथे वन विभाग व रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट यांच्या सहकार्याने असे केंद्र चालते.

ही केंद्रे प्राणिसंग्रहालये नव्हेत. पक्षी बरा करून पुन्हा निसर्गात सोडणे एवढाच त्यांचा हेतू असल्याने ती सर्वसाधारणपणे प्रेक्षकांसाठी खुली नसतात. छायाचित्रणासाठी केंद्रप्रमुखांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरते.

छायाचित्राचा उपयोग

उपचारात छायाचित्राला नोंदीचे महत्त्व असते. पक्षी दाखल होताच जखम, डोळे, नख्या आणि पसरलेल्या पंखांची वरची व खालची बाजू टिपली जाते. पुढील छायाचित्रांशी तुलना करून जखम भरत आहे की नाही आणि नवी पिसे कशी येत आहेत, हे पाहता येते. भोवत्यांच्या माद्या दिसायला एकमेकींसारख्या असतात. त्यांची जात ठरविताना पंखांची ठेवण आणि चेहऱ्यावरील खुणा दाखविणारे स्पष्ट छायाचित्र उपयोगी पडते.

पिंजऱ्यासमोरील अडचणी

जाळीवर आपटून शेपटीची व पंखांची पिसे मोडू नयेत, म्हणून या पक्ष्यांचे पिंजरे उभ्या पट्ट्यांचे किंवा मऊ जाळीचे असतात आणि आतील उजेड मंद ठेवलेला असतो. मोडलेले पीस पुन्हा येण्यासाठी पक्ष्याच्या पिसे गळण्याच्या हंगामाची वाट पाहावी लागते. म्हणजे एका घाबरलेल्या झेपेची किंमत काही महिन्यांच्या बंदिवासाने मोजावी लागू शकते. त्यामुळे जाळीला भिंग टेकवून छायाचित्र घेण्याची नेहमीची युक्ती येथे घातक ठरते.

आडोशामागून, तीनशे ते सहाशे मिलिमीटरच्या टेलिफोटो भिंगाने छायाचित्र घेणे हा योग्य मार्ग. फ्लॅश पूर्णपणे टाळावा. विशेषतः घुबडांच्या बाबतीत. प्रकाश कमी असल्यास आयएसओ वाढवावा, तिपाई वापरावी आणि शटरचा आवाज बंद ठेवावा. फोकस डोळ्यावर असावा. चोच उघडी ठेवून धापा टाकणे, पिसे अंगाला घट्ट चिकटवणे, मागे झुकून नख्या पुढे करणे किंवा पंख पसरून फुगणे ही ताणाची लक्षणे आहेत. छायाचित्रात ती रुबाबदार वाटतात, पण ती दिसताच मागे हटावे.

पिल्लांबाबत अधिक काळजी लागते. माणसाच्या हातून अन्न घेत वाढलेले पिल्लू माणसालाच आपले समजू लागते आणि पुढे त्याला निसर्गात सोडणे अवघड होते. म्हणून त्यांना चेहरा झाकून भरविले जाते. अशा वेळी छायाचित्रकाराची उपस्थितीही नको असते.

कायदा आणि प्रामाणिकपणा

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार जखमी पक्षी घरी पाळणे गुन्हा आहे. असा प्राणी ताब्यात आल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. घुबड हातावर घेऊन काढलेले छायाचित्र प्रसिद्ध करणेही टाळावे. अंधश्रद्धेपोटी देशात घुबडांचा चोरटा व्यापार चालतो, हे ट्रॅफिक इंडियाच्या २०१० च्या अहवालाने दाखवून दिले आहे. केंद्रातील पक्ष्याचे छायाचित्र रानातले म्हणून देऊ नये आणि पक्षी सोडल्याचे नेमके ठिकाण जाहीर करू नये.

जखमी पक्षी आढळल्यास त्याच्यावर कापड टाकून हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवावे. पाणी पाजू नये, अन्न भरवू नये. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

बाजारातल्या गावाचा धडा

काष्टीसारख्या पशुधनाच्या गावाला आणखी एक जबाबदारी आहे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे मृत जनावरे खाणारी गिधाडे मेली, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तर २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही. पशुपालकांनी मेलोक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय वापरला, तर गिधाडे पुन्हा माळरानावर घिरट्या घालताना दिसण्याची आशा धरता येईल. एकेकाळी गावोगावी सहज दिसणाऱ्या या पक्ष्याची ओळख पुढच्या पिढीला केवळ छायाचित्रांतून होऊ नये, यासाठी गोठ्यातील ही सावधगिरी कॅमेऱ्यापेक्षा अधिक मोलाची आहे.