लहान कॅबिनेट, मोठा उन्हाळा: रायपूरच्या सदर बाजारातून दिसणारा एका खोक्याचा इतिहास

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सराफा. रस्त्याला लागून अरुंद दर्शनी भाग, आत खोलवर गेलेले दुकान आणि वरच्या मजल्यावर राहते घर, ही तिथली जुनी ठेवण. अशा घरातल्या मुलाला गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर जोडून घ्यायचा असला, की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठरायच्या आधीच कॅबिनेटचा वाद उभा राहतो. टेबलावर किंवा खिडकीच्या फळीवर मावेल असे दहा-पंधरा लिटरांचे छोटे खोके त्याला हवे असते. बाजारातला सरसकट सल्ला मात्र वेगळा असतो: इथला उन्हाळा बघता मोठे कॅबिनेटच घ्या, लहान खोक्यात सगळे तापते. सल्ला हितबुद्धीने दिलेला असतो आणि तो पूर्णपणे चुकीचाही नाही. पण मोठे कॅबिनेट थंडाव्यासाठी मोठे झाले, हे त्यामागचे गृहीतक इतिहासाला धरून नाही. ते ज्या वस्तूंसाठी मोठे झाले त्यातल्या बहुतेक आज उरलेल्या नाहीत. मशीन किती तापेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते, आत किती वॅट जळतात आणि हवेला सरळ वाट आहे की नाही. खोक्याचे लिटर त्यानंतर येतात.

आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला तेव्हा त्याची पेटी आडवी होती आणि मॉनिटर तिच्याच डोक्यावर बसत असे. १९८४ च्या ‘एटी’ मॉडेलने मदरबोर्डचे आणि पेटीचे माप आणखी वाढवले, आणि पुढची दहा वर्षे साऱ्या जगातले नकलाकार त्याच मापाच्या मागे गेले. इंटेलने १९९५ मध्ये ‘एटीएक्स’ हे प्रमाण जाहीर केले: ३०५ × २४४ मिलिमीटरचा बोर्ड आणि मागे सात कार्डांपर्यंतची जागा. त्या काळात ही सात घरे अवास्तव नव्हती. मोडेमचे कार्ड वेगळे, आवाजाचे वेगळे, नेटवर्कचे वेगळे, टीव्ही ट्यूनर हवा असेल तर तोही वेगळा. पुढच्या बाजूला सीडी ड्राइव्हसाठी सव्वापाच इंची कप्पे, त्याखाली फ्लॉपीचा कप्पा, त्याखाली हार्ड डिस्कचा पिंजरा, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या रुंद चपट्या केबल पोटातून आडव्या-तिडव्या गेलेल्या. टॉवर मोठा होता तो या सामानामुळे. हवेला तर त्या केबलींनी आणि पिंजऱ्याने अडवूनच धरले होते. पुढे आवाज आणि नेटवर्क मदरबोर्डवरच आले, मोडेम गेला, फ्लॉपी गेली, सीडी गेली. हार्ड डिस्कची जागा २२ × ८० मिलिमीटरच्या एम-डॉट-टू पट्टीने घेतली, आणि ती थेट बोर्डावर स्क्रूने बसते. आज गेम खेळणाऱ्याच्या टॉवरमध्ये सात घरांपैकी बहुधा एकाच ठिकाणी कार्ड असते. बाकीची घरे रिकामी राहतात, आणि आपण त्या रिकामेपणालाच ‘हवा खेळते’ असे समजतो.

भारतात ही समजूत घट्ट होण्याला व्यापाराचीही बाजू आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या मालावरील आयातशुल्क उतरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला. त्यानंतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचे नेहरू प्लेस इथून सुटे भाग देशभर जाऊ लागले आणि गावोगावी ‘असेंबल’ कॉम्प्युटरचे युग आले. त्यात कॅबिनेट बहुधा एसएमपीएससह, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यासह, एकाच किमतीत, एकाच खोक्यात येई. दुकानदाराला एकच माप साठवणे सोयीचे, ग्राहकाला पत्र्याचा मोठा डबा भरीव वाटे. मोठ्या आकाराची सवय अशी स्वस्ताईतून आणि घाऊक मालातून पडली. तापमानाचा विचार त्यात फारसा कोणी केला नव्हता.

आता तापमानाचे गणित मांडून पाहू, कारण वादाचा निकाल तिथेच आहे. कॉम्प्युटर जितकी वीज ओढतो, तितकी जवळजवळ सगळी अखेर उष्णता होते. गेम चालू असताना मशीन ३०० वॅट ओढत असेल आणि आत येणारी हवा बाहेर पडताना दहा अंशांनीच गरम व्हावी असे ठरवले, तर चाळीस अंशांच्या खोलीत दर सेकंदाला सुमारे २६ लिटर हवा आरपार जावी लागते. या हिशेबात वॅट आहेत, अंश आहेत, हवेची घनता आहे. कॅबिनेटचा आकार कुठेही येत नाही. ४५ लिटरांच्या टॉवरला जितकी हवा लागते तितकीच १० लिटरांच्या डब्याला. मोठ्या पोटातली हवा म्हणजे उष्णता साठवायची टाकी नव्हे. पंखे थांबले तर ती टाकी काही क्षणांतच भरते. खोलीच्या दृष्टीनेही फरक नाही. चार तास खेळले तर १.२ युनिट उष्णता खोलीत उतरणारच, मग ती कोणत्याही डब्यातून येवो.

हे गणित कागदावरचे आहे, प्रत्यक्षात लहान खोके अधिक तापलेले लोकांनी पाहिले आहे, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लहान खोक्यात हवेच्या वाटेला अडथळे जास्त, पंखे लहान. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ ९२ मिलिमीटरच्या पंख्याच्या पावणेदोन पटींच्या आसपास भरते, म्हणून तेवढीच हवा ढकलायला लहान पंख्याला जोरात फिरावे लागते आणि त्याचा आवाज होतो. टॉवरमध्ये प्रोसेसरवर दीडशे मिलिमीटरहून उंच कूलर बसतो. अगदी छोट्या डब्यांत पन्नास मिलिमीटरसुद्धा मिळत नाहीत. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या वाटेच्या अडचणी आहेत, आणि लहान कॅबिनेटचा इतिहास म्हणजे ही वाट मोकळी करण्याच्या प्रयत्नांचाच इतिहास आहे.

त्याची सुरुवात १९९७ च्या अखेरीस झाली. त्या वर्षी इंटेलने २४४ मिलिमीटर चौरस ‘मायक्रो-एटीएक्स’ बोर्ड आणि ‘एसएफएक्स’ हा लहान एसएमपीएस ठरवून दिला. नेहमीचा एसएमपीएस १.८ लिटर जागा खातो, एसएफएक्स जेमतेम ०.८ लिटर. २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने १७० मिलिमीटर चौरस ‘मिनी-आयटीएक्स’ आणला, आणि त्याच वर्षी तैवानच्याच शटल कंपनीने घनाकृती छोटी पेटी बाजारात उतरवली. शटलने पुढच्या मॉडेलांत केलेली युक्ती मोलाची होती: प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळ्यांतून थेट मागच्या पंख्यापर्यंत न्यायची, म्हणजे गरम हवा पेटीत फिरतच नाही. आकार कमी करताना हवेचा नकाशा आधी काढायचा, हे त्यातून बाजाराला कळले.

याच सुमारास उलट दिशेचा एक धडाही मिळाला. पेन्टियम-४ चे ‘प्रेस्कॉट’ प्रोसेसर शंभर वॅटांच्या पुढे गेले तेव्हा इंटेलने ‘बीटीएक्स’ नावाची नवी मांडणी आणली. प्रोसेसर पुढच्या बाजूला, थेट येणाऱ्या थंड हवेच्या तोंडाशी. कल्पना शास्त्रशुद्ध होती, तरी ती टिकली नाही, कारण २००६ च्या उन्हाळ्यात इंटेलनेच ६५ वॅटांचा ‘कोअर टू ड्युओ’ काढला आणि मूळ दुखणेच ओसरले. खोके बदलण्यापेक्षा आतला जाळ कमी करणे जास्त परिणामकारक ठरले. लहान कॅबिनेट घेऊ पाहणाऱ्याने या प्रकरणाकडे नीट पाहावे, असे मला वाटते.

गेमिंगच्या लहान पेट्यांचा खरा बहर त्यानंतरचा, आणि तो मोठ्या कंपन्यांच्या नव्हे, हौशी मंडळींच्या हातून आला. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून आलेली ‘एनकेस एम-१’ साधारण साडेबारा लिटरांची होती. २०१६ मध्ये जर्मनीतून तशाच वर्गणीवर आलेली ‘डॅन ए-४’ अवघ्या ७.२ लिटरांची. दोन्हींची बांधणी तैवानच्या लियान लीने केली. ‘ए-४’ मध्ये ग्राफिक्स कार्ड लवचिक रायझर केबलने मदरबोर्डच्या पाठीमागे नेऊन बसवले आहे. कार्डाचे पंखे बाजूच्या जाळीला भिडतात आणि बाहेरची ताजी हवा थेट ओढतात. याच सुमारास मोठ्या टॉवरांत काय चालले होते? पुढच्या जाळीच्या जागी काच आणि काचेमागे रंगीत दिवे. पंखे तीन, पण हवा यायला बाजूची बोटभर फट. अशा चाळीस लिटरांपेक्षा जाळीदार दहा लिटरांत ग्राफिक्स कार्ड अधिक सुखाने श्वास घेते.

सदर बाजारातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. जुन्या बाजारपेठेतले अरुंद, खोल घर राहण्याजोगे ठरते ते पुढच्या दारापासून मागच्या उघड्या जागेपर्यंत वारा जातो म्हणून; मागचे दार बंद केले तर खोल्या वाढवूनही उकाडा जात नाही. इथे जागेची ओढाताण जुनी आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांकडे आले, पण बिंबाजी भोसल्यांचा कारभार रतनपूरहून चाले. १८१८ मध्ये इंग्रजी देखरेखीखाली कर्नल अ‍ॅग्न्यू यांनी मुख्यालय रायपूरला हलवले. कारकून, सावकार आणि व्यापारी इकडे वळले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूर नागपूरशी आणि कलकत्त्याशी जोडले गेले, आणि २००० मध्ये हे शहर नव्या राज्याची राजधानी झाले. वस्ती आणि व्यापार वाढत गेला तरी जुन्या बाजाराचे रस्ते जुन्याच रुंदीचे राहिले. आता पेढीवरही कॉम्प्युटर आला आहे: जुलै २०१७ पासून जीएसटी आहे, आणि एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांक सक्तीचा आहे. बिलाचे मशीन छोट्या डब्यात सहज चालते, कारण ते वीजच फार ओढत नाही. प्रश्न फक्त वरच्या मजल्यावरच्या गेमिंगचा उरतो.

तिथे रायपूरचा उन्हाळा खरोखर आडवा येतो आणि त्याला कमी लेखून चालणार नाही. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश होणे इथे नवलाचे नाही. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांवर स्वतःचा वेग उतरवतो. खोली २५ अंशांची असेल तर ७० अंशांची सवड मिळते, ४५ अंशांची असेल तर ५० ची. म्हणजे तोच कूलर जवळजवळ तीस टक्के कमी उष्णता काढू शकतो. ही कपात मोठ्या टॉवरलाही तितकीच लागू आहे, एवढे मात्र विसरू नये. खोलीत पाण्याचा कूलर लावला तर तिचे तापमान उतरते, पण हवा दमट होते. त्याच्या झोतासमोर मशीन ठेवू नये. मला त्याहून मोठी अडचण धुळीची वाटते. उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांतल्या स्पंज आयर्न कारखान्यांमुळे छपरांवर साचणारी काळी धूळ रायपूरकरांच्या परिचयाची आहे. लहान खोक्यात कूलरच्या पात्यांमधल्या फटी बारीक आणि हवेचा वेग जास्त, म्हणून ते लवकर चोंदते. हातासरशी निघणारी आणि पाण्याने धुता येणारी जाळी नसेल, तर ते कॅबिनेट कितीही देखणे असो, या शहरात घेऊ नये.

मग लॅपटॉपच का नको, असेही कोणी विचारेल. लॅपटॉपमध्ये हीच उष्णता आणखी पातळ अंगात कोंबलेली असते, ग्राफिक्स चिप बोर्डावर जोडलेली असते, आणि ती गेली तर दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ जातो. लहान कॅबिनेटमध्ये एकेक भाग काढता-बदलता येतो. असेंबल व्यापाराने आपल्याला दिलेली ही सर्वांत चांगली सवय आहे आणि ती सोडू नये.

माझ्या मते लहान खोक्याची खरी हार होते ती किमतीत. मिनी-आयटीएक्स बोर्ड त्याच दर्जाच्या मायक्रो-एटीएक्स बोर्डापेक्षा महाग पडतो, त्यावर रॅमची दोनच घरे आणि कार्डाचे एकच घर असते. चांगला एसएफएक्स एसएमपीएस नेहमीच्यापेक्षा महाग, वर रायझर केबलचा खर्च वेगळा. हे जास्तीचे पैसे ग्राफिक्स कार्डात घातले तर खेळ थेट सुधारतो. म्हणून जागा अगदीच हाताएवढी नसेल तर सात-आठ लिटरांच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही. २०२० मध्ये आलेले कूलर मास्टरचे ‘एनआर-२००’ सुमारे १८ लिटरांचे आहे. त्यात उंच कूलर बसतो, १२० मिलिमीटरचे पंखे बसतात आणि जाडजूड कार्डही मावते. मायक्रो-एटीएक्स बोर्डच वापरायचा असेल तर वीस ते तेहतीस लिटरांत चांगली जाळीदार कॅबिनेटे मिळतात, आणि त्यातल्या बऱ्याचशांत नेहमीचा एसएमपीएस चालतो.

वॅटांची निवड मात्र आकाराच्या आधी करावी. एनव्हिडियाचे २०२३ चे आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट घेते, २०२२ चे ४०९० तब्बल ४५०, आणि २०२५ चे ५०९० तर ५७५. पहिले कार्ड आणि ६५ वॅटांचा प्रोसेसर घेतला तर सगळे मशीन अडीचशे वॅटांच्या आत राहते. ते पंधरा लिटरांच्या जाळीदार डब्यात, मे महिन्यातल्या दुपारीही, पंख्यांचा आवाज थोडा सोसून चालेल. ५०९० घेतले तर सदर बाजारातल्या वरच्या मजल्यावर एसीशिवाय ते सुखाने चालवणे पंधरा लिटरांतही कठीण आणि साठ लिटरांतही.