थंडीतले पान: पूसा, गहू आणि प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनाचा इतिहास

दिल्लीत करोल बागेतून पूसा रोडने पश्चिमेकडे गेलात, तर दाट बाजारपेठ संपल्यावर भारतीय कृषी संशोधन संस्थेचा परिसर लागतो. तेथील शेतांत नोव्हेंबरमध्ये पेरलेला गहू जानेवारीत हिरवागार असतो. जानेवारीत दिल्लीचे सरासरी किमान तापमान ७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. या थंडीत काकडी किंवा भेंडी खुरटते, गहू मात्र वाढत राहतो. थंडीत त्याचे प्रकाशसंश्लेषण चालते तरी कसे? या प्रश्नाचा इतिहास आपण या पाठात पाहू. त्यातले एक महत्त्वाचे नाव पूसाशी जोडलेले आहे.

१. केंब्रिज ते पूसा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये फ्रेडरिक ब्लॅकमन आणि त्यांच्या सहकारी गॅब्रिएल मॅथाई प्रकाशसंश्लेषणाचा वेग मोजत होते. मॅथाई यांनी चेरी लॉरेल या सदाहरित झुडपाची तोडलेली पाने बंद कक्षात ठेवली. भरपूर प्रकाश आणि कार्बन डाय-ऑक्साइड देऊन त्यांनी वेगवेगळ्या तापमानांना पान किती वायू शोषते ते मोजले. प्रकाश भरपूर असेल, तर तापमानाबरोबर वेग वाढतो. प्रकाश कमी असेल, तर तापमान वाढवूनही फारसा फरक पडत नाही. अशा निरीक्षणांवरून ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मर्यादक घटकांचे तत्त्व मांडले. अनेक घटकांवर अवलंबून असलेल्या क्रियेचा वेग त्यांतला सर्वांत तोकडा घटक ठरवतो.

त्याच वर्षी बिहारमधील पूसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. मॅथाई यांचा विवाहही १९०५ मध्येच अल्बर्ट हॉवर्ड यांच्याशी झाला आणि त्या पूसाला आल्या. हॉवर्ड दांपत्याने भारतीय गव्हाचा अभ्यास केला, १९०९ मध्ये भारतातील गव्हावर ग्रंथ लिहिला आणि 'पूसा ४', 'पूसा १२' यांसारखे वाण दिले. पुढे १९३४ च्या भूकंपात बिहारमधील इमारतींची मोठी हानी झाली. १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली आणि सोबत 'पूसा' हे नावही आले.

२. प्रकाशाची क्रिया आणि अंधाराची क्रिया

ब्लॅकमन यांच्या निष्कर्षात एक मोठी गोष्ट दडलेली होती. प्रकाशसंश्लेषणाचे निदान दोन टप्पे असले पाहिजेत: एक प्रकाशावर चालणारा, दुसरा तापमानावर अवलंबून असणारा. १९३२ मध्ये रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अर्नोल्ड यांनी क्लोरेला या शैवालावर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकून हे दोन टप्पे वेगळे दाखवले. दोन झोतांमध्ये दुसऱ्या टप्प्याला २५ अंशांना ०.०४ सेकंदापेक्षाही कमी अवधी पुरत होता. सुमारे १ अंशाला तोच अवधी ०.४ सेकंदांवर गेला.

थंडीतली अडचण इथे स्पष्ट होते. हरितद्रव्य थंडीतही उन्हाळ्याइतकाच प्रकाश टिपते. पण त्या ऊर्जेचा वापर करून साखर बनवणारी विकरे मंदावतात. येणारी ऊर्जा तितकीच, खर्च कमी. ही शिल्लक ऊर्जा प्रकाशप्रणाली-२ ला इजा करते. म्हणून धुक्याच्या दिवसापेक्षा लख्ख उन्हाची थंड सकाळ पानाला अधिक धोक्याची असते. धुक्यात प्रकाशच तोकडा पडतो, तर थंड उन्हात विकरे तोकडी पडतात.

३. पान बदलते

मॅथाई यांच्या प्रयोगातले पान आधीच घडलेले होते. तेच रोप थंडीत वाढले तर काय होईल, हा प्रश्न त्या पद्धतीत येत नव्हता. इथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून येते ते अनुकूलन. एकाच रोपाच्या आयुष्यात घडते ते समायोजन.

अनुकूलनाचे प्रसिद्ध उदाहरण मूनी आणि बिलिंग्स यांनी १९६१ मध्ये दिले. ऑक्सिरिया डायगिना ही वनस्पती ध्रुवीय प्रदेशातही वाढते आणि उंच पर्वतांवरही. सारख्या परिस्थितीत वाढवूनही उत्तरेकडील रोपांचा सर्वाधिक वेग तुलनेने कमी तापमानाला आढळला.

समायोजनाचे चित्र १९८० आणि १९९० च्या दशकांत कॅनडातील नॉर्मन ह्यूनर, स्वीडनमधील गुन्नार एक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले. सुमारे ५ अंशांना वाढवलेल्या हिवाळी राय आणि हिवाळी गव्हाच्या पानांत रुबिस्को व कॅल्विन चक्रातील इतर विकरे वाढतात, तशीच सुक्रोज बनवणारी विकरेही. जादा साखर फ्रुक्टानच्या रूपात रिक्तिकांत साठते. साखर पुढे सरकत राहिली की फॉस्फेट मोकळे होते आणि चक्र अडत नाही. विकर मंद असेल तर त्याचे प्रमाण वाढवायचे, असा हा उपाय आहे. मात्र उबेत पूर्ण वाढलेले पान अचानक थंडीत नेले, तर ते इतके सावरत नाही. थंडीतच उमललेले नवे पान अधिक समर्थ असते.

रोपाला थंडी कळते कशी? याचा एक धागा १९९० च्या दशकात पुन्हा क्लोरेलातूनच मिळाला. ५ अंशांना मध्यम प्रकाशात वाढलेल्या पेशी आणि २७ अंशांना अतिशय प्रखर प्रकाशात वाढलेल्या पेशी यांची प्रकाशसंश्लेषण यंत्रणा जवळजवळ सारखी निघाली. म्हणजे ही यंत्रणा केवळ तापमान नव्हे, तर आवक आणि खर्च यांतली तफावत ओळखते.

४. आपल्या गव्हाचा प्रश्न

इथे एक सावधगिरी बाळगा. वरील निष्कर्ष प्रामुख्याने हिवाळी धान्यांवरचे आहेत. उत्तर भारतातला गहू रब्बीत पिकत असला, तरी तो वसंत प्रकारचा आहे. फुलोऱ्यासाठी त्याला दीर्घ कडक थंडी लागत नाही. तुलनात्मक प्रयोगांत थंडीत वाढलेल्या हिवाळी वाणांनी थंडीतला प्रखर प्रकाश वसंत वाणांपेक्षा चांगला सोसला. त्यामुळे कॅनडातले निष्कर्ष दिल्लीच्या शेतावर जसेच्या तसे लावता येत नाहीत.

शिवाय आपल्या गव्हाला एकाच हंगामात दोन टोके गाठावी लागतात. जानेवारीत थंडीशी जुळवून घेतलेले पीक मार्चमध्ये उष्णतेत दाणे भरते. २०२२ चा मार्च विक्रमी उष्ण ठरला, गव्हाला फटका बसला आणि मे महिन्यात सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. थंडीत साखर बनवण्याची क्षमता वाढवणारे आणि उष्णतेतही न कोलमडणारे पान कसे मिळवायचे, हा आजचा प्रश्न आहे. मॅथाई यांनी तापमान आणि पान यांचे नाते मोजून त्याची सुरुवात करून दिली होती.

विचारासाठी प्रश्न

१. धुक्याच्या दिवशी आणि स्वच्छ उन्हाच्या थंड सकाळी गव्हाच्या पानासाठी मर्यादक घटक कोणता असेल? कारण द्या.
२. तोडलेल्या पानावरील प्रयोगातून समायोजन का दिसत नाही? ते दाखवणारा प्रयोग तुमच्या महाविद्यालयाच्या बागेत कसा आखाल?