हृदयाच्या झडपेला रफू

दापोडे म्हटलं की आज गोदामं आठवतात आणि भिवंडी म्हटलं की यंत्रमाग. कापडाच्या या मुलखात एक गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक असते. कापड उसवतं ते शिवणीपाशी. हृदयाच्या कृत्रिम झडपेचा इतिहासही याच शिवणीपाशी अडखळत आला आहे.

१९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार आणि इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यात गोळी असलेली झडप माणसाच्या हृदयात बसवली. आपल्याकडे लहानपणच्या घसादुखीतून येणारा सांधेज्वर गोरगरिबांच्या मुलांच्या झडपा निकामी करी. परदेशी झडप त्यांना कुठली परवडणार? म्हणून तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि सहकाऱ्यांनी देशी झडप घडवायला घेतली. तीन नमुने फसले. चौथा ६ डिसेंबर १९९० रोजी रुग्णाच्या हृदयात बसला. धातूचं कडं, आत प्लॅस्टिकची तबकडी, भोवती पॉलिएस्टर कापडाची किनार. टाके घालायचे ते या किनारीतच.

पण हृदयाची बाजू चुना साचून कडक झाली असेल किंवा जंतुसंसर्ग झाला, तर टाका सुटू शकतो. मग झडप नीट उघडते, मिटते. रक्त मात्र तिच्या कडेने मागे जातं. बारीक गळती बहुधा त्रास देत नाही. मोठी असेल तर धाप लागते, फटीतून जोराने जाताना तांबड्या पेशी फुटतात आणि अंगातलं रक्त कमी होतं. उपाय होता पुन्हा छाती उघडण्याचा, आणि दुसऱ्या खेपेला जोखीम वाढते.

१९९२ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी अशा फटी छाती न उघडता, इवल्या छत्रीने बुजवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे मूळचे ऑस्ट्रियाचे डॉ. कुर्ट अँप्लाट्झ यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारा विणून बुचं बनवली. ही तार आपला आकार विसरत नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर न्यायची, सोनोग्राफीच्या पडद्यावर फट शोधायची, मिटलेलं बूच तिच्यात सोडायचं. ते दोन्ही बाजूंनी उमलतं आणि अडकून बसतं.

सगळ्यांनाच हा इलाज चालत नाही. जंतुसंसर्ग चालू असेल किंवा झडपच डुगडुगत असेल, तर शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून झडप बसवलेल्या माणसाने वाढती धाप किंवा लालसर-काळपट लघवी अंगावर काढू नये. वेळेवर दाखवलं, तरच रफूवर भागतं.